अंगावरील तीळ

पारपत्राच्या अर्जात ‘शरीरावरील ओळखीची खूण’ असे एक सदर असते. सरकारी नोकरीच्या वैद्यकीय दाखल्यावरही ते आढळते. त्यापुढे बहुतेक जण ‘उजव्या गालावर तीळ’ किंवा ‘डाव्या मनगटावर तीळ’ असे लिहून मोकळे होतात. माणसाचे बिऱ्हाड बदलते, सही बदलते, आपल्या सीमाभागात तर गावाच्या नावाची अक्षरेही बदलतात. परंतु तीळ जन्मभर आपल्या जागी राहतो, असा या सदरामागील विश्वास आहे. तो बहुतांशी खराच आहे. मात्र एखादा तीळ जागा न सोडताही बदलू लागतो. तो बदल ओळखावा कसा आणि ओळखल्यावर करावे काय, हा आजच्या लेखाचा विषय होय.

हा विषय आम्ही निवडला त्याला एक कारण घडले. स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी आमच्या परिचयातील एक विद्यार्थिनी अचानक शाळेत येईनाशी झाली. चौकशी करता समजले, की नाटकात काम मिळाल्यामुळे गालावरील तीळ घालवावा असे तिच्या मनाने घेतले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने तिळावर चुना व सोडा यांचा लेप रात्रभर लावून ठेवला. सकाळी तीळ नव्हता. त्या जागी चार आण्याच्या नाण्याएवढी जखम होती. जखम भरून आली, पण तिळापेक्षा चौपट मोठा वण तेथे कायमचा राहिला. ती मुलगी हुशार आहे, विज्ञानात तिला चांगले गुण मिळतात. तरीही हे घडले. तेव्हा दोष तिच्या बुद्धीचा नसून, ही साधी माहिती तिला कोणी दिली नव्हती याचा आहे.

तिळाची नावे

आपल्या पूर्वजांनी शरीरावरील खुणांना नावे दिली ती स्वयंपाकघरातील डब्यांत पाहून. संक्रांतीला आपण जो तीळ वाटतो, त्याच्याएवढा आणि त्वचेशी सपाट असा काळा ठिपका म्हणजे तीळ. ‘सुश्रुतसंहिते’त याला ‘तिलकालक’ म्हटले आहे. तो काळा, तिळाएवढा, न दुखणारा व त्वचेशी समतल असतो, असे त्याचे वर्णन तेथे आढळते. त्वचेतून वर उचललेला, उडदासारखा दिसणारा तो ‘मषक’. माष म्हणजे उडीद. आपला ‘मस’ हा शब्द या मषकापासूनच आला. सुश्रुतांनी या दोहोंची गणना ४४ क्षुद्ररोगांत केली आहे. ते काढावयाचे झाल्यास शस्त्राने छेद घेऊन मग ती जागा क्षाराने वा अग्नीने डागावी, असेही त्यांनी सांगितले आहे. शस्त्राचे काम आधी आणि क्षाराचे नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

चामखीळ ही याहून निराळी वस्तू. ती विषाणूमुळे होते, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकते आणि तिचा पृष्ठभाग खरबरीत असतो. तीळ संसर्गाने होत नाही. तीळ व चामखीळ यांत गल्लत केल्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यावर केला जातो.

कानडीत अंगावरील तिळाला ‘मच्चे’ म्हणतात. बेळगावाजवळचे मच्छे हे गाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. गावाच्या नावाशी या शब्दाचे नाते जोडण्याचे कारण नाही; परंतु शब्द लक्षात राहण्यास त्या नावाचा उपयोग होईल. सरकारी दवाखान्यातील परिचारिका कानडी बोलणारी असली, तर हा एक शब्द पुरेसा होतो.

तीळ होतो कसा?

आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी विखुरलेल्या असतात. त्या ‘मेलॅनिन’ नावाचे गडद रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. उन्हातील अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करणारी ही छत्रीच होय. शेतात राबणाऱ्या माणसाचे हात उन्हाने रापतात ते याच द्रव्यामुळे. काही ठिकाणी या पेशी विखरून न राहता घोळक्याने एकत्र राहतात, तेव्हा तो घोळका आपणांस तीळ म्हणून दिसतो.

सुमारे शंभरांतील एका बालकाला जन्मतःच असा तीळ असतो. बाकीचे तीळ बालपणापासून तिशी-चाळिशीपर्यंत केव्हाही उमटतात. वयात येताना आणि गरोदरपणी ते थोडे गडद होऊ शकतात. उतारवयात कित्येक तीळ फिके पडतात, वर उचलले जातात, काही नाहीसेही होतात. तिळावर केस उगवला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अंगावरील बहुतेक सर्व तीळ हे जन्मभर निरुपद्रवी राहतात व त्यांना कोणत्याही उपचाराची गरज नसते, ही गोष्ट प्रथम मनावर ठसविली पाहिजे.

परंतु क्वचित एखाद्या रंगपेशीची वाढ बेबंद होते. यातून जो कर्करोग उद्भवतो त्यास ‘मेलॅनोमा’ म्हणतात. स्टेथॉस्कोपचा शोध लावणारे फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८०४ साली या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. तो जुन्या तिळात सुरू होऊ शकतो. पुष्कळदा तर मोकळ्या त्वचेवर नवा डाग म्हणून येतो. ऑस्ट्रेलियात दरवर्षी लाख लोकांमागे तिसांहून अधिक जणांना तो होतो. भारतात हे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. मग आपण त्याचा विचार का करावा? कारण जो रोग विरळा, त्याची शंका कोणाला येत नाही. आणि शंका न आल्यामुळे आपल्याकडील रोगी डॉक्टरांपर्यंत फार उशिरा पोहोचतो.

पाच प्रश्न

१९८५ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉक्टरांनी संशयास्पद तीळ ओळखण्याची एक सोपी रीत मांडली. तीत चार लक्षणे होती. पुढे पाचवे जोडले गेले. आपण ती प्रश्नरूपाने पाहू.

पहिला प्रश्न : तिळाचे दोन अर्ध सारखे आहेत काय? तिळाच्या मध्यातून मनाने एक रेघ ओढावी. साध्या तिळाचे दोन्ही भाग एकमेकांशी जुळतात.

दुसरा प्रश्न : त्याची सीमा स्वच्छ आहे काय? सीमा अस्पष्ट असली म्हणजे काय होते, हे बेळगाव-निपाणीच्या मुलांना वेगळे सांगावयास नको. साध्या तिळाची कड रेखीव असते. संशयास्पद डागाची कड दातेरी किंवा शाई फुटावी तशी पसरलेली दिसते.

तिसरा प्रश्न : रंग एकच आहे काय? एकाच डागात काळा, तपकिरी, तांबूस, निळसर वा पांढुरका असे अनेक रंग मिसळलेले असतील तर तो दाखवावा.

चौथा प्रश्न : आकार केवढा? सहा मिलिमीटरांहून, म्हणजे साधारणपणे शिसपेन्सिलीच्या मागील टोकाहून मोठा डाग लक्ष देण्याजोगा असतो. लहान असूनही रोगट असलेला डाग क्वचित सापडतो, म्हणून एकट्या मोजपट्टीवर विसंबू नये.

पाचवा प्रश्न : तो बदलत आहे काय? हा सर्वांत महत्त्वाचा. वाढणारा, रंग पालटणारा, खाजणारा, विनाकारण रक्त येणारा वा न भरणारा डाग ताबडतोब तज्ज्ञास दाखवावा. चाळिशीनंतर नव्याने उमटलेला तीळही दाखविणे बरे.

या पाचांपैकी एखादे उत्तर चिंताजनक आले म्हणजे कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. प्रश्न विचारणे आपले काम. निर्णय देणे डॉक्टरांचे.

तळपायाची उपेक्षा

गोऱ्या लोकांत मेलॅनोमा उन्हाने भाजणाऱ्या पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर अधिक आढळतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो मुख्यतः जेथे ऊन लागत नाही अशा ठिकाणी येतो : तळपायावर, तळहातावर, नखाखाली. नखाखाली असला तर नखात उभी काळी रेघ दिसते, ती रुंदावत जाते आणि काळेपणा नखाच्या मुळाजवळील त्वचेवर उतरतो.

तळपायावर तीळ असला की प्रवास घडतो, असे आपल्याकडे म्हणतात. तळहातावरचा तीळ मुठीत आला की धनलाभ, हेही आपण ऐकलेले असते. या समजुतींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तळपायावर नवा तीळ दिसला, तर पहिला प्रवास त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यापर्यंत घडावा, एवढे मात्र आम्ही आग्रहाने सांगू.

निपाणीच्या परिसरात तंबाखूच्या शेतांत अनवाणी काम करणारी माणसे अजूनही आहेत. टाचेत काटा मोडणे, ढेकळाची ठेच लागणे, रक्त साकळून काळा डाग पडणे हे त्यांना नित्याचे. म्हणून नवा काळा डागही काट्याचाच समजला जातो. येथे परक्या देशातील एक उदाहरण देतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग होता. तो फुटबॉल खेळताना झालेल्या इजेचा असावा, असे प्रथम वाटले. १९७७ साली तो मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. रोग पुढे शरीरभर पसरला व ११ मे १९८१ रोजी वयाच्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कीर्ती आणि पैसा असलेल्या माणसाची जर अशी गल्लत होऊ शकते, तर शेतकऱ्याची झाल्यास त्यास नवल म्हणता येणार नाही.

साकळलेले रक्त ओळखण्याची खूण सोपी आहे. ते काही आठवड्यांत नखाबरोबर वा त्वचेबरोबर पुढे सरकत जाते आणि फिके पडते. जो डाग महिना-दोन महिने जागेवरच राहतो, तो काट्याचा नव्हे असे समजून चालावे.

चुना, बिब्बा आणि घोड्याचा केस

तंबाखूच्या मुलखात चुन्याची डबी घरोघरी असते. त्यामुळे तिळावरचा ‘उपाय’ही हाताशी असतो. या उपायात काय घडते ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहू. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड व धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. ही दोन पाण्यात एकत्र आली की त्यांतून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा तयार होतो. समीकरण विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहावे. प्रयोगशाळेत ज्या बाटलीस आपण जपून हात लावतो, ती बाटलीच जणू गालावर ओतली जाते. आम्लाने भाजलेली त्वचा घट्ट होते व आम्लाला काही अंशी तेथेच अडविते. अल्कली मात्र त्वचेला मऊ करीत खोल उतरते. बिब्ब्याच्या तेलानेही त्वचेवर फोड उठतात. धोब्याच्या कपड्यावरील बिब्ब्याची खूण धुऊनही जात नाही, हे आपण जाणतोच. काही जणांच्या त्वचेत, विशेषतः छाती, खांदे व कानाची पाळी या ठिकाणी, अशा जखमेवर वणाची गाठ वाढत राहते. तिला ‘केलॉइड’ म्हणतात.

परंतु कुरूप वण हे या उपायांचे लहान नुकसान होय. मोठे नुकसान कोणते, ते आम्हांस स्वतःच्या अनुभवाने कळले.

आमचा अनुभव

आमच्या मानेवर, सदऱ्याची कॉलर घासते तेथे, पुष्कळ वर्षांचा एक मस होता. एके दिवशी केस कापताना वस्तरा लागून त्यातून रक्त आले. न्हाव्याने आपुलकीने सुचविले, “मास्तर, घोड्याच्या केसानं आवळून देतो. आठ दिवसांत गळून पडेल.” आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. परंतु हा मस अलीकडे गडद झाला आहे, असे घरातील मंडळींचे म्हणणे पडले. तेव्हा बेळगावास जाऊन एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना तो दाखविला. न्हाव्याचा उपाय त्यांना सांगताच त्या हसल्या व म्हणाल्या, “गुरुजी, तो गळून पडेल हे खरं. पण तो काय होता, हे मग कोणाला विचारायचं?”

या एका वाक्यात सगळा धडा आला. काढलेला तीळ हा साक्षीदार असतो. तो जाळला, कुजविला वा फेकून दिला की साक्ष संपली. आत रोगाचा अंश असला तर तो त्वचेखाली वाढत राहतो, वर मात्र भरलेली जखम दिसते. शहरांतील सौंदर्यगृहांत यंत्राने तीळ जाळून देतात, त्यासही हेच लागू आहे. निरुपद्रवी तीळ डॉक्टरही कधी कधी जाळतात. परंतु तो निरुपद्रवी असल्याची खात्री करून घेतल्यावरच.

बाईंनी प्रथम ‘डर्मोस्कोप’ नावाच्या उपकरणातून मस पाहिला. हे दिवा जोडलेले भिंग असून ते वस्तू सुमारे दहापट मोठी दाखविते. घरात कोणाला असा रोग झाला होता काय, डाग केव्हापासून बदलला, जखमेवर वणाच्या गाठी येतात काय, रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे काय, असे प्रश्न त्यांनी विचारले. मग मस समूळ काढून तपासावयाचे ठरले.

शस्त्रक्रियेस वीस मिनिटे लागली. जागा जंतुनाशकाने पुसून बधिरतेचे इंजेक्शन दिले. त्या टोचणीची जी कळ आली तेवढीच. नंतर ओढल्याचे कळत होते, दुखत नव्हते. छेद होडीच्या आकाराचा घेतात, म्हणजे दोन्ही कडा जुळवून शिवल्यावर एक सरळ रेघ उरते. मसाभोवतीची किंचित निरोगी त्वचाही सोबत घेतात. तीन टाके पडले. मस फॉर्मॅलिनच्या लहान बाटलीत टाकून वर आमचे नाव चिकटविले गेले. सातव्या दिवशी टाके काढले. तळपायाचे टाके काढावयास दोन आठवडे वा अधिकही लागतात, असे तेथे समजले.

बाटली पुढे जाते ती विकृतिशास्त्रज्ञाकडे. तेथे त्या तुकड्यात पॅराफिन मेण मुरवून घट्ट वडी करतात, आणि तिचे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे पातळ काप घेतात. ते काप निळ्या व गुलाबी रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रणी आहे. १९४१ साली मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी उचलली; भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. मेलॅनोमा सापडल्यास तो त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे हे मोजतात. अमेरिकेतील ब्रेस्लो यांनी १९७० साली या मोजमापाचे महत्त्व दाखवून दिले. खोली एक मिलिमीटरहून कमी असेल, तर बहुसंख्य रोगी केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. खोली वाढत जाते तशी ही आशा कमी होत जाते. फरक मिलिमीटरांचा असतो, आणि तो काही महिन्यांच्या दिरंगाईत पडतो.

आठ दिवसांनी अहवाल घेण्यास गेलो, तेव्हा आमच्याआधी एक वृद्ध शेतकरी बसले होते. टाचेवरचा डाग काट्याचा समजून त्यांनी वर्षभर त्यावर घरगुती लेप लावले होते. “अगोदर कोणी सांगितलं असतं तर आलो असतो की,” एवढेच ते बोलले. पुढे त्यांच्या टाचेचा बराच भाग काढावा लागला. ते आता काठी टेकीत चालतात. तंबाखूच्या लावणीला बांधावर येऊन बसतात. आमच्या अहवालात साधा मस असल्याचे लिहिले होते. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. त्या दिवशी घरी परतताना आनंद झाला खरा, पण त्या वृद्धांचे वाक्य कानांतून गेले नाही. हा लेख त्या वाक्याचे उत्तर म्हणून लिहिला आहे.

आता करावयाचे काय?

अमुक तीळ सुंदर नाही म्हणून दुःख करणाऱ्यांनी आठवावे, की आपल्या आईने आपल्या गालावर काजळाची तीट हौसेने लावली होती. ज्या डागाने नजर लागत नाही अशी तिची श्रद्धा होती, त्याची लाज का वाटावी? तरीही तीळ काढावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. मात्र तो तज्ज्ञाच्या हातून आणि तपासून काढावा.

त्यासाठी फार दूर जावयास नको. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. जिल्हा रुग्णालयास जोडलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. निपाणीकरांस कोल्हापूर जवळ पडते. रोग तपासताना डॉक्टर सीमेच्या कोणत्या बाजूचे आहेत हे त्वचा विचारीत नाही.

विद्यार्थ्यांनी एवढे करावे. येत्या रविवारी स्नानानंतर चांगल्या उजेडात आपले तळपाय, बोटांमधील बेचके, नखे व तळहात पाहावेत. पाठ आईने अथवा भावंडाने पाहावी. मोठा तीळ आढळल्यास वहीत त्याची जागा, लांबी व तारीख लिहावी. पुढील संक्रांतीस पुन्हा मोजावे. आणि आजी-आजोबांचे पाय चेपताना त्यांच्या टाचांकडे एकवार अवश्य बघावे. वाकून स्वतःचे तळपाय पाहणे त्यांना जमत नाही. तुमची दृष्टी तीक्ष्ण आहे. पाय चेपण्याची सेवा आपल्या घरांत पूर्वापार चालत आली आहे. तिला दोन घटका निरीक्षणाची जोड दिली, तर एखाद्या आजोबांस ‘अगोदर कोणी सांगितलं असतं तर’ असे म्हणण्याची वेळ येणार नाही.